हायड्रोजन द्रवात भरणं सोपं, सोडवणं अवघड

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये हायड्रोजनचा बाटला हलवून बघा. भरलेला कुठला आणि रिकामा कुठला, हाताला कळणार नाही. पन्नास-साठ किलो पोलादाच्या त्या नळकांड्यात दीडशे बार दाबाने कोंबलेला हायड्रोजन असतो जेमतेम अर्धा किलो. दिवसाला १०० किलो हायड्रोजन लागणारा कारखाना धरला, तर रोज २०० बाटले आणि त्यांच्यासोबत दहा-बारा टन लोखंड हायवेवरून आणायचं आणि परत न्यायचं. भाडं जातं ते लोखंडाचं.

यात दोष बाटल्याचा नाही, वायूचाच आहे. वजनाच्या हिशेबात हायड्रोजनसारखं इंधन नाही: एका किलोत सुमारे ३३ युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा, म्हणजे पेट्रोलच्या पावणेतीनपट. पण तो एक किलो मोकळा सोडला तर अकरा-बारा घनमीटर जागा अडवतो. त्याला थंड करून द्रव करायचा तर पारा उणे २५३ अंशांपर्यंत खाली न्यावा लागतो, आणि त्यातल्या ऊर्जेच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी वीज त्या थंडाव्यातच जाते. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित, म्हणजे अक्षय ऊर्जेवर बनवलेल्या, हायड्रोजनची क्षमता उभारायचं लक्ष्य ठरलं. बनवण्याबद्दल तेव्हापासून बरंच बोललं जातं. बनलेला माल घाट चढून इकडे कसा यायचा, यावर त्या मानाने कमी.

त्यावरचा एक उपाय म्हणजे हायड्रोजनला वायू म्हणून न्यायचंच नाही. एखाद्या द्रवाच्या रेणूला तो रासायनिक बंधाने जोडायचा, साध्या टँकरमध्ये भरून आणायचा आणि इथे पोचल्यावर सोडवून घ्यायचा. ऐकायला सोपं आहे. यातला ‘सोडवून घ्यायचा’ हा भाग मात्र सगळ्या गोष्टीचा गाभा आहे, आणि तो धातू आणि उष्णता या दोघांच्या हातात आहे. धातूचं कौतुक सगळे करतात. माझं लक्ष उष्णतेकडे जास्त जातं, आणि का ते पुढे येईलच.

डालड्याची उलटी रीत

तेलात हायड्रोजन घालण्याची विद्या आपल्या देशाला नवी नाही. वनस्पती तूप, म्हणजे घरोघरी ज्याला डालडाच म्हणतात, ते असंच बनत आलं. गरम तेलात निकेलची बारीक पूड टाकायची, दाबाने हायड्रोजन सोडायचा, की पातळ तेल थिजणाऱ्या तुपात बदलतं. निकेलच्या साक्षीने हायड्रोजन जोडण्याची ही रीत पॉल साबातिये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने घालून दिली. त्याला १९१२ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

आता डालड्याच्या जागी टोल्युइन घ्या. उद्यमनगरात पेंटिंगचं काम करणाऱ्यांना थिनरचा जो झणझणीत वास ओळखीचा असतो, त्यातला हा एक मुख्य घटक. टोल्युइनच्या रेणूत सहा कार्बनचं एक कडं असतं. त्या कड्याला हायड्रोजनचे सहा अणू जोडता येतात. ९२ किलो टोल्युइन अधिक ६ किलो हायड्रोजन, की झालं ९८ किलो मिथाइलसायक्लोहेक्झेन. नाव लांबलचक आहे, म्हणून पुढे मी त्याला ‘भरलेलं टोल्युइन’ म्हणणार आहे. हा द्रव पेट्रोलसारखा पातळ, १०१ अंशांना उकळणारा आणि उणे १२६ अंशांपर्यंत न गोठणारा. कुठला दाब नको, कुठला थंडावा नको. पेट्रोलचा १२ हजार लिटरचा टँकर याने भरला तर त्यातून साडेपाचशे किलोंहून जास्त हायड्रोजन येतो. बाटल्यांच्या भाषेत सांगायचं तर अकराशे बाटले.

हायड्रोजन काढून घेतला की मागे टोल्युइन उरतं. ते टाकायचं नाही, परत पाठवायचं, तिकडे पुन्हा भरायचं. दूध संघाच्या गाडीवरचे कॅन जसे गावाहून भरून येतात आणि रिकामे परत जातात, तसंच. फरक एवढाच की इथला रिकामा कॅनसुद्धा द्रवच आहे आणि जवळजवळ भरलेल्याइतकाच जड आहे. परतीच्या फेरीचं डिझेल म्हणून हिशेबात धरावंच लागतं.

हे कागदावरचं नाही. जपानच्या चियोदा कंपनीने मित्सुबिशी, मित्सुई आणि निप्पॉन युसेन यांच्यासोबत ब्रुनेई ते कावासाकी अशी साखळी उभी केली. ब्रुनेईत टोल्युइन भरायचं, जहाजाने जपानला न्यायचं, कावासाकीत हायड्रोजन काढायचा. २०२० मध्ये या मार्गाने माल पोचू लागला. वर्षाला २१० टनांपर्यंत हायड्रोजन नेता येईल अशी तिची रचना होती. जर्मनीत एर्लांगेनच्या हायड्रोजिनियस कंपनीने टोल्युइनऐवजी डायबेन्झाइलटोल्युइन निवडलं. आपल्याकडच्या कारखान्यांत थर्मिक फ्लुइड हीटर असतात, त्यांत फिरणाऱ्या तेलांच्या जातीचा हा द्रव. सहज पेट घेत नाही, थिनरसारखा उडून जात नाही. त्यात वजनाच्या ६.२ टक्के हायड्रोजन मावतो, म्हणजे टोल्युइनइतकाच.

कडंच का?

हायड्रोजन तर साध्या डिझेलच्या रेणूतही भरपूर आहे. मग तो का नाही काढायचा?

कार्बनच्या सरळ साखळीतून हायड्रोजन ओढून काढायला फार उष्णता लागते, आणि तेवढ्या तापमानाला साखळीचेच तुकडे पडतात. सहा कार्बनच्या कड्याचं तसं नाही. त्यातून सहा अणू निघून गेले की जे उरतं ते बेन्झिनच्या जातीचं कडं, रसायनशास्त्रातल्या अत्यंत स्थिर रचनांपैकी एक. रेणूला ‘रिकामं’ होण्यातच आराम मिळतो, म्हणून तो हायड्रोजन त्यामानाने स्वस्तात सोडतो. सरळ साखळीला जिथे हायड्रोजनच्या एका मोलला (म्हणजे दोन ग्रॅमला) १२० ते १२५ किलोज्यूल मोजावे लागतात, तिथे भरलेल्या टोल्युइनला सुमारे ६८ पुरतात. कड्यात एखादा नायट्रोजन बसवला तर हा आकडा आणखी उतरतो, पन्नासच्या घरात येतो. पण असे रेणू महाग असतात, आणि काही तर रिकामे झाल्यावर घट्ट गोठून बसतात. तसा माल टँकरमधून उपसणार कसा?

६८ किलोज्यूल हा आकडा कोरडा वाटतो, म्हणून त्याचे युनिट करू. एक किलो हायड्रोजन सोडवायला सुमारे साडेनऊ युनिट उष्णता लागते. द्रव तापवून त्याची वाफ करण्याचा खर्च आणि थोडंफार नुकसान धरलं तर दहा-बारा युनिट. आणि त्या किलोत ऊर्जा आहे ३३ युनिट. म्हणजे माल दारात आला तरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी उष्णता आपण घातल्याशिवाय तो हातात येत नाही.

गंमत अशी की हायड्रोजन भरताना नेमकी तेवढीच उष्णता बाहेर पडते. पण ती पडते दूर, जिथे टोल्युइन भरलं तिथे. ब्रुनेईत ऊब आणि कावासाकीत बिल.

धातू नेमकं करतो काय

भरलेलं टोल्युइन काचेच्या नळीत घालून ३५० अंशांना तापवलं तर त्याची वाफ होईल, पुढे फारसं काही घडणार नाही. तीच वाफ प्लॅटिनमवरून नेली की हायड्रोजन सुटू लागतो. यात जादू नाही. रेणू प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर आडवा पडतो. त्याच्या कार्बन-हायड्रोजन बंधातले इलेक्ट्रॉन धातूकडे झुकतात, बंध सैल होतो, हायड्रोजनचा अणू धातूला चिकटतो. एकामागून एक सहा अणू असे उतरतात. ते पृष्ठभागावर इकडेतिकडे सरकतात, दोन-दोन भेटले की जोडी होऊन वायू म्हणून उडून जातात. उरलेलं टोल्युइनही सुटून जातं आणि जागा पुढच्या रेणूला मोकळी होते.

प्लॅटिनमच का? इथे चांदीकाम करणाऱ्या हुपरीकरांचा आणि गुजरीतल्या सराफांचा हिरमोड होणार आहे. चांदी आणि सोनं या कामात जवळजवळ निरुपयोगी. त्यांच्या पृष्ठभागाला हायड्रोजनची ओढ इतकी कमी की कार्बनपासून तो तुटायलाच तयार होत नाही. उलट टंगस्टनसारख्या धातूवर तो इतका घट्ट बसतो की पुढे सुटत नाही, आणि सगळी जागा अडून राहते. काम करतो तो मधला धातू: पकडण्याइतका घट्ट, सोडण्याइतका सैल. हाही विचार साबातियेचाच, आणि आजही नवा उत्प्रेरक (कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवणारा पदार्थ) शोधणारे पहिली चाळण त्याचीच लावतात. प्लॅटिनम आणि पॅलेडियम या मधल्या पट्ट्यात बसतात.

निकेलही तिथून फार लांब नाही आणि स्वस्तही आहे, मग तोच का नको? कारण तो उतावळा आहे. डालड्याच्या कढईत, शे-दोनशे अंशांना तो गुणी असतो. साडेतीनशे अंशांवर मात्र कार्बन-हायड्रोजन बंधाबरोबर तो कार्बन-कार्बन बंधही तोडतो. कडंच फुटलं की मिथेन तयार होतो आणि परत पाठवायला टोल्युइन उरत नाही. प्लॅटिनमला कुठला बंध तोडायचा आणि कुठला नाही याचं भान चांगलं. पैसे त्या भानाचे मोजायचे.

अर्थात कोणी प्लॅटिनमची वीट घेऊन बसत नाही. धातूचे आतले अणू काम करत नाहीत, फक्त पृष्ठभागावरचे करतात. म्हणून ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) सच्छिद्र गोळ्यांवर प्लॅटिनमचे दोन-तीन नॅनोमीटरचे कण बसवतात, गोळीच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. एक ग्रॅम प्लॅटिनमचे दोन नॅनोमीटरचे कण केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग भरतो १४० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड गुंठा. अंगठीतल्या धातूची एवढी जमीन होते म्हटल्यावर किमतीचा धसका जरा कमी होतो.

उत्प्रेरकाबद्दल एक गैरसमज मी वरचेवर ऐकतो: ‘चांगला कॅटॅलिस्ट सापडला की उष्णता लागणार नाही.’ असं होत नाही. उत्प्रेरक वाट सोपी करतो, चढ कमी करत नाही. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जायला जी ऊर्जा लागते ती तेवढीच राहते, धातू प्लॅटिनम असो की आणखी काही. शिवाय प्रत्येक तापमानाला हायड्रोजन किती सुटेल याची एक मर्यादा निसर्गाने ठरवलेली असते. भरलेल्या टोल्युइनसाठी २०० अंशांना ती फार खाली आहे, साडेतीनशेच्या आसपास जवळजवळ सगळा हायड्रोजन सुटू शकतो. उत्प्रेरक त्या मर्यादेपर्यंत लवकर पोचवतो. ती ओलांडून देत नाही.

मर्यादाच हलवायची असेल तर तयार होणारा हायड्रोजन लगेच बाजूला काढायचा, म्हणजे क्रिया पुढे सरकत राहते. त्यासाठी पॅलेडियमचा पातळ पडदा वापरता येतो. हा धातू हायड्रोजन स्वतःत शोषून घेतो, हे थॉमस ग्रॅहमने १८६६ मध्येच दाखवलं होतं. पडद्याच्या एका बाजूने हायड्रोजनचे अणू धातूत शिरतात, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात, आणि टोल्युइनसारखे मोठे रेणू अलीकडेच अडतात. शुद्ध पॅलेडियम मात्र हायड्रोजन पिऊन फुगतं, आकसतं आणि शेवटी तडकतं. मग त्यात मिसळतात काय? चांदी. साधारण २३ टक्के. हुपरीची बाजू अगदीच पडलेली नाही.

कॅटॅलिस्ट मरतो कसा

प्रयोगशाळेतल्या नळीत सगळं छान चालतं. कारखान्यात पहिली अडचण येते ती उष्णता आत पोचवण्याची. क्रिया उष्णता शोषते, म्हणजे जिथे ती जोरात चालते तिथलीच जागा थंड पडते. ॲल्युमिनाच्या गोळ्या आणि वाफ या दोन्हींमधून उष्णता नीट वाहत नाही. जाड नळीत गोळ्या भरल्या तर कडेच्या गोळ्या तापलेल्या आणि मधल्या निवलेल्या. बाहेरून जास्त तापवावं तर कडेला रेणू जळायला लागतात. म्हणून अशा रिॲक्टरची रचना उष्णता बदलणाऱ्या यंत्रासारखी असते: बारीक बारीक नळ्या, बाहेरून गरम तेल किंवा वायू. प्लॅटिनमपेक्षा या लोखंडी कामाचाच ताप जास्त होतो, आणि कोल्हापुरातल्या फॅब्रिकेशनवाल्यांना करण्यासारखं कामही यातच आहे.

दुसरी अडचण काजळीची. एखादा रेणू पृष्ठभागावर रेंगाळला तर त्यातून गरजेपेक्षा जास्त हायड्रोजन निघून जातो आणि उरतो नुसता कार्बन. तो धातूवर थर धरतो. ठराविक काळाने मोजकी हवा सोडून हा थर जाळून काढावा लागतो, तोही जपून, कारण जास्त तापलं की नॅनोकण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि तो दीड गुंठा बघता बघता आखडतो. काजळी कमी व्हावी म्हणून प्लॅटिनमसोबत कथील घालतात.

तिसरा शत्रू गंधक. तो प्लॅटिनमवर बसला की उठत नाही. इथे एक मजेशीर अपवाद आहे: डायबेन्झाइलटोल्युइनच्या कामात अगदी मोजून मापून थोडं गंधक घातलं तर कॅटॅलिस्ट उलट चांगला चालतो असं दिसून आलंय. कणांच्या कोपऱ्यांवरच्या ज्या जागा नको त्या क्रिया घडवतात, त्याच आधी गंधकाने बंद होतात. विषाची मात्रा कळली की ते औषध.

शेवटी शुद्धता. निघालेला हायड्रोजन टोल्युइनच्या वाफेने भिजलेला असतो. तो थंड करायचा, ॲक्टिव्हेटेड कार्बनवरून न्यायचा. फ्युएल सेलच्या, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करून चालणाऱ्या, गाडीसाठी हवा असेल तर निकष फार कडक: कार्बन मोनॉक्साइड दहा लाख भागांत ०.२ भाग, त्यापेक्षा जास्त चालत नाही. भट्टीत जाळायला मात्र एवढं सोवळं लागत नाही.

मुंगीचं ॲसिड आणि बर्फाच्या कारखान्यातला वायू

३५० अंशांना कंटाळलेल्या लोकांनी फॉर्मिक ॲसिडकडे मोर्चा वळवला. जॉन रे याने १६७१ मध्ये ते मुंग्यांपासून मिळवलं होतं. रबराच्या बागांत चीक गोठवायला आजही ते वापरतात. एका लिटरमध्ये ५३ ग्रॅम हायड्रोजन, आणि पॅलेडियम किंवा रुथेनियमच्या सोबतीने तो शंभर अंशांच्या आतच सुटतो. २०११ मध्ये जर्मनीत रोस्टॉकच्या माथियास बेलर यांच्या गटाने तर लोखंडाच्या संयुगावर हे करून दाखवलं.

मग सगळे हेच का वापरत नाहीत? हायड्रोजनबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, म्हणजे परत पाठवायला काही उरत नाही. तो वायू पुन्हा पकडून त्याचं ॲसिड करायचं तर तिकडे ऊर्जा लागते. चढ टळलेला नाही, आधीच चढून ठेवलाय. वजनाचंही बघा. १०० किलो हायड्रोजनला २,३०० किलो ॲसिड, तेही लोखंड खाणारं. आणि हा रेणू दोन तऱ्हांनी फुटू शकतो. एकीत हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड, दुसरीत पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड. दुसरी वाट बंद ठेवणं हे इथे कॅटॅलिस्टचं खरं काम.

अमोनिया तर दूध डेअरीच्या आणि बर्फाच्या कारखान्याच्या लोकांना पाठ आहे. वजनाच्या १७.६ टक्के हायड्रोजन, नऊ-दहा बार दाबाला द्रव होतो, कार्बन औषधालाही नाही. पण सोडवायला रुथेनियमवर चार-पाचशे अंश, निकेलवर त्याहून जास्त. गळती झाली तर काय होतं हेही त्या लोकांना सांगायला नको. मोठ्या बंदरांसाठी आणि खत कारखान्यांसाठी ठीक आहे. दाट वस्तीला लागून असलेल्या शेडमध्ये मी तो सुचवणार नाही.

उसाच्या पट्ट्यात बसून टोल्युइन कशाला?

कोल्हापुरात हा विषय निघाला की हा प्रश्न येणारच. आपल्याकडे साखर कारखाने आहेत, डिस्टिलऱ्या आहेत, इथेनॉल आहे. त्यात हायड्रोजन नाही का?

भरपूर आहे. इथेनॉल आणि पाण्याची वाफ निकेल, कोबाल्ट किंवा ऱ्होडियमवरून ५०० ते ७०० अंशांना नेली तर ४६ किलो इथेनॉल आणि ५४ किलो पाण्यातून १२ किलो हायड्रोजन मिळतो. त्यातला निम्मा हायड्रोजन चक्क पाण्यातून येतो. कागदावर १०० किलो हायड्रोजनला ४८५ लिटरच्या आसपास इथेनॉल, प्रत्यक्षात जास्त. सोबत कार्बन डायऑक्साइड निघतो, पण तो उसाने हवेतूनच घेतलेला.

यात एक गोष्ट मला फार आवडते. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल जवळजवळ पूर्ण कोरडं लागतं. ऊर्ध्वपातनाने ९५-९६ टक्क्यांपुढे पाणी निघत नाही, म्हणून पुढे मॉलिक्युलर सीव्हचे मनोरे लावून उरलेलं पाणी काढतात. त्याला खर्च येतो. हायड्रोजनसाठी मात्र पाणी हवंच आहे. वजनाने निम्म्याहून किंचित कमी इथेनॉल आणि निम्म्याहून किंचित जास्त पाणी असं मिश्रण लागत असेल, तर ते पाणी आधी काढायचं आणि मग पुन्हा घालायचं कशाला? डिस्टिलरीत मधूनच काढलेला ओला माल इथे चालतो.

अडचण आहे ती रेणूत. इथेनॉलमध्ये कार्बन-कार्बन बंध आहे आणि इथे तो तोडायलाच हवा. म्हणून टोल्युइनच्या कामात जो दोष होता तो निकेलचा उतावळेपणा इथे गुण ठरतो. पण निकेलवर काजळीही जोरात धरते. ॲल्युमिनाचा आम्लधर्मी आधार असेल तर इथेनॉलचं आधी इथिलीन होतं आणि त्याची काजळी आणखी लवकर. सेरियम ऑक्साइडचा आधार घेतला तर काजळी जळत राहायला मदत होते. शिवाय आपल्याकडे साखर पांढरी करायला उसाचा रस गंधकाच्या धुराने साफ करतात. त्याचा अंश मळीतून पुढे अल्कोहोलपर्यंत उतरला तर निकेल बसला म्हणून समजा. वर तयार वायूत कार्बन मोनॉक्साइड उरतो, तो काढायला आणखी दोन टप्पे.

उष्णता आणायची कुठून?

आता मूळ मुद्द्यावर. भरलेल्या टोल्युइनमधून दिवसाला १०० किलो हायड्रोजन काढायचा तर हजार-बाराशे युनिट उष्णता, म्हणजे सतत ४५-५० किलोवॉट, आणि तीही ४०० अंशांच्या वरची. ही उष्णता निघालेल्या हायड्रोजनपैकीच काही जाळून मिळवायची ठरवली तर हातात १०० किलो पडायला दीडशे किलोंहून जास्त काढावा लागतो. टँकरचं भाडं तितकं वाढलं. महावितरणच्या विजेवर नळ्या तापवता येतील, पण हायड्रोजन जाळून भट्टीच तापवायची असेल तर तीच वीज थेट भट्टीला का देऊ नये, याला उत्तर नाही.

‘फौंड्रीत उष्णता वायाच जाते की!’ असं इथे लगेच म्हटलं जातं. जाते, पण तिची जात बघावी लागते. इंडक्शन फर्नेसमध्ये लोखंड १,४०० अंशांना रसरसतं खरं. मात्र कॉइल थंड करून बाहेर येणारं पाणी पन्नास-साठ अंशांचं असतं. ते या कामाला शून्य. ओतलेल्या कास्टिंगमध्ये उष्णता भरपूर असते, पण ती वाळूत हळूहळू मुरते, आणि हीट (वितळलेल्या धातूची खेप) कधी पडेल, लाइट कधी जाईल यावर तिचं वेळापत्रक. कामाला येऊ शकते ती गॅसवर किंवा तेलावर चालणाऱ्या, धातू तापवून मऊ करणाऱ्या ॲनीलिंग भट्टीच्या धुराड्यातली, कारण भट्टीच ९०० अंशांची, धूरही तसाच तापलेला आणि पाळी संपेपर्यंत सलग. तिथेच हायड्रोजनही लागत असेल तर टोल्युइनचा हिशेब जुळण्याची शक्यता मला दिसते. बाकी ठिकाणी अजून नाही.

साखर कारखान्याचं गणित वेगळं. को-जनच्या, म्हणजे कारखान्यातच वीज बनवणाऱ्या प्रकल्पाच्या, बॉयलरची वाफ ५०० अंशांच्या आसपास असते, पण ती रिॲक्टरला दिली की टर्बाइनची वीज घटते. गळीत हंगाम संपला की बगॅसही (उसाचा चोथाही) साठ्यातलाच. इथेनॉलच्या सगळ्या रेणूचा चुरा करून हायड्रोजन काढायला ६०० अंश लागतात, तेही या वाफेच्या आवाक्याबाहेरचे.

पण रेणूचा चुरा करायलाच हवा असं कुठे आहे? इथेनॉलची वाफ दोन-अडीचशे अंशांना तांब्याच्या कॅटॅलिस्टवरून नेली तर कार्बन-कार्बन बंधाला धक्का लागत नाही. इथेनॉलचे दोन रेणू मिळून इथाइल ॲसिटेटचा एक रेणू बनतो आणि हायड्रोजनचे दोन सुटतात. ९२ किलो इथेनॉलमधून ८८ किलो इथाइल ॲसिटेट आणि ४ किलो हायड्रोजन. कार्बन डायऑक्साइड नाही, प्लॅटिनम नाही. आणि उष्णता? वाफ झाल्यानंतर हायड्रोजनच्या एका मोलला १२-१३ किलोज्यूल, टोल्युइनच्या पाचव्या हिश्श्याएवढी. वाफ करायची उष्णता यापेक्षा बरीच जास्त आहे, पण इथेनॉल ७८ अंशांनाच उकळतं. त्याला टर्बाइनमधून काम करून बाहेर पडलेली, एरवी पॅन आणि इव्हॅपोरेटरला जाणारी कमी दाबाची वाफ पुरते.

ही पद्धत जगात व्यापारी पातळीवर वापरात आलेली आहे, हायड्रोजनसाठी नव्हे तर इथाइल ॲसिटेटसाठी. शाई, रंग, चिकटवण्याचे पदार्थ, औषधं या सगळ्यांना ते लागतं. हायड्रोजन तिथे जोडउत्पादन म्हणून निघतो. दिवसाला १०० किलो हायड्रोजन हवा तर २,३०० किलो इथेनॉल आत घालायचं आणि २,२०० किलो इथाइल ॲसिटेट रोज विकायचं. या वाटेवर कॅटॅलिस्ट, तापमान, वाफ यांतलं काहीच अडत नाही. अडतं ते त्या २,२०० किलोंच्या गिऱ्हाइकापाशी, आणि ते इथेनॉल तेल कंपन्यांना पेट्रोलमध्ये मिसळायला दिलं असतं तर मिळाला असता त्या दरापाशी.